जुनं खरं, पण कोणाचं जुनं?

तासगावच्या एका ताईंनी विचारलंय : ‘मी पतसंस्थेत कामाला आहे, पगार ११ हजार. गेली तीन वर्षं घरी जुन्या साड्यांच्या गोधड्या, जीन्सच्या पिशव्या, बाटल्यांवर नक्षी असं काहीबाही करते. जो येतो तो म्हणतो, अगं, धंदाच का काढत नाहीस, कच्चा माल तर फुकट आहे. नोकरी सोडून पूर्णवेळ हेच केलं तर महिन्याला १५ हजार सुटतील का? आणि जीन्स शिवताना माझ्या सुया सारख्या मोडतात, त्याला काय करावं?’

ताई, मी सांगलीत कुपवाड रोडला २००८ पासून हेच काम करते. दोन पायमशीनवर सुरुवात केली, आज आम्ही सात जणी आहोत, त्यात एक सासू-सुनेची जोडीही आहे. सुयांचं शेवटी सांगते. १५ हजारांचं मात्र ‘हो’ किंवा ‘नाही’ असं एका शब्दात सांगता येणार नाही, कारण त्यात दोन वेगळे प्रश्न गुंतलेत. लोक जुन्या कापडाची वस्तू पैसे मोजून घेतात का, हा एक. आणि ती वस्तू करताना तुमच्या तासाला काय पडतं, हा दुसरा. कौतुक करणारी माणसं या दोन्हींच्या वाटेला जात नाहीत. त्यांचं काय जातं म्हणा.

आधी ‘फुकट’ या शब्दाचा निकाल लावू. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट, म्हणजे बघा. आमचं शेड उंचावर, ते कोरडं राहिलं. पाणी उतरायला लागल्यावर ठिकठिकाणाहून मदतीचे ट्रक आले आणि त्यांत चादरी, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्यांबरोबर जुने कपडे इतके आले की नंतर नंतर ते घ्यायलाही कोणी पुढे येईना. रस्त्याकडेला ढीग पडले. आम्हाला वाटलं, लक्ष्मी घरी चालत आली. एक छोटा हत्ती भरून माल शेडवर आणला. भाडं ८०० रुपये, बाकी सगळं फुकट.

मग निवडायला बसलो. स्वेटर, ब्लेझर, इलास्टिक गेलेल्या लेगिंग्ज, नायलॉनच्या साड्या, आणि जे काही सुती होतं त्यावर ओल धरून काळे ठिपके. सात जणी अकरा दिवस दुसरं काही करत नव्हतो. कामाचं निघालं ते पाचांतलं एक गाठोडं. ते तीन पाण्यांतून काढलं, पावसाळी हवेत वाळेना म्हणून पंख्याखाली पसरलं. उरलेल्या चार गाठोड्यांना भंगारवाला हात लावेना, शेवटी आम्हीच पैसे देऊन ती उचलायला लावली. एवढं करून तीसेक गोधड्या झाल्या, त्या दिवाळीत मांडल्या. बायका यायच्या, टाका बघायच्या, हात फिरवायच्या आणि हळूच विचारायच्या, ‘हे पुरात आलेलं तर नव्हे?’ आम्ही खोटं बोललो नाही. तिसांतल्या चार खपल्या. बाकीच्या एका वसतिगृहाला दोऱ्याच्या खर्चात दिल्या.

अकरा दिवस गुणिले सात बायका. त्या दिवसांची मजुरी मी माझ्या गाठीची दिली, आणि तेव्हापासून शेडमध्ये ‘फुकट’ हा शब्द कोणी उच्चारला की सगळ्याजणी हसतात.

पण त्या चार गोधड्यांनी मला खरं काय ते शिकवलं. आपल्याकडे परक्याचं वापरलेलं अंगावर घ्यायला माणूस कचरतं. कोणाचं असेल, गेलेल्या माणसाचं तर नसेल, हे मनात येतंच. तोंडाने कोणी म्हणत नाही, फक्त किंमत पाडून मागतं. आणि त्याच घरात बाळ जन्मलं की आधी नवं कापड लावत नाहीत. आजीचं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं फाडतात, त्याचीच लंगोटी, त्याचंच दुपटं. म्हणजे वावडं आहे ते परक्याच्या जुन्याचं. आपल्या माणसाचं जुनं उलट आपण छातीशी धरतो. हे लक्षात आल्यावर मी धंद्याची सगळी मांडणी बदलली, आणि तुम्हालाही पहिला सल्ला हाच : काय बनवायचं हे ठरवण्याआधी, कापड कोणाचं आहे ते बघा.

गिऱ्हाइकाचं स्वतःचं कापड हे आमच्याकडे पहिल्या नंबरावर. आई गेली, कपाटात साड्या पडून आहेत, देववत नाहीत आणि नेसवतही नाहीत, असं घर सांगली-मिरजेत गल्लोगल्ली आहे. त्या साड्या ते आणून देतात, आपण गोधडी करून द्यायची. मिरजेचे एक गृहस्थ अकरा साड्या घेऊन आले होते, तीन भावंडांना तीन गोधड्या हव्या होत्या. भाव केला नाही. एकच अट घातली. एका इरकली साडीला आईने स्वतः रफू केलेलं होतं, ते वरच्या बाजूला, दिसेल असं यावं. आमच्या कारागीर बाईंनी ते मधोमध घेतलं आणि त्याच्या भोवतीने धावदोरा फिरवला. न्यायला आले तेव्हा गृहस्थ बराच वेळ त्या रफूवर बोट ठेवून उभे होते. या कामात निवडणं नाही, माल साठवणं नाही, ‘कोणाचं आहे’ हा प्रश्न नाही आणि निम्मे पैसे आगाऊ मिळतात. बाळाची दुपटी याच जातीतली. आजी स्वतः साडी घेऊन येते.

दुसऱ्या नंबरावर शिंप्याकडचं कातरण. ते वापरलेलं नसतं, नवं कोरं असतं, फक्त तुकडे लहान. लग्नसराईत ब्लाउज शिवणाऱ्यांकडे पोत्याने पडतं. विट्याकडे यंत्रमागांची कडेची पट्टी निघते, तिची वेणी घालून पायपुसणी होतात. कातरणाच्या वस्तूला ‘नव्या कापडाची आहे’ असं छातीठोक सांगता येतं आणि ते खरंही असतं.

तिसरं, परक्याचं जुनं. ते आम्ही वापरतो, पण अंगाला लागणार नाही अशाच वस्तूत, आणि रूप पार बदलून. जीन्सची पिशवी खपते ती त्यामुळेच. दप्तर, टिफिनची पिशवी, मशीनवरचं कव्हर. गोधडी आणि उशीचे अभ्रे परक्याच्या कापडाचे आम्ही २०१९ पासून बंद केलेत. पुण्या-मुंबईकडे अशा गोधड्यांना गिऱ्हाईक आहे, हे मला माहीत आहे. पण तुम्ही तासगावात बसून सुरुवात करणार आहात, म्हणून तिथलं सांगते.

आता तासांचा हिशेब. इथे जरा थांबा, वही-पेन घ्या.

महिन्याला १५ हजार हवेत. २५ दिवस, घरचं सगळं सांभाळून रोज सहा तास धरले तर १५० तास. भागाकार केला की तासाला १०० रुपये. सोपं वाटतं. पण या सहांतले दोन तास निवडणं, धुणं, इस्त्री, फोनवर बोलणं, फोटो काढणं, बाजारातून दोरा-झिप आणणं यांत जातात. ते तुम्हाला कोणी वेगळे देत नाही. उरले रोजचे चार, महिन्याचे १०० तास. म्हणजे मशीनवर किंवा सुईवर बसलेल्या प्रत्येक तासाला खर्च वजा जाऊन १५० रुपये सुटायला हवेत. हा १५० चा आकडा भिंतीवर लिहून ठेवा आणि तुमची एकेक वस्तू त्याच्यासमोर उभी करा.

आमच्या शेडमधले आकडे देते. तुमचा हात वेगळा असेल, तेव्हा तुमचे तुम्ही मोजा. पूर्ण हाताने घातलेली सिंगल गोधडी, बारीक धावदोरा, कडेपासून आत आत येत जाणारा : ४५ तास. १५० ने गुणलं की ६,७५० रुपये, वर दोरा आणि धुणं. ही किंमत सांगलीच्या बाजारात सांगितली तर माणूस खाली बसतो. तीच गोधडी मशीनवर टाके घालून : पाच तास, ७५० मजुरी, २५० खर्च, हजाराला पडते आणि तेवढ्याला जातेही. आठवणीची गोधडी, म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरच्या साड्यांची, आम्ही आत मशीन, कडेला आणि मधल्या चौकात हात, अशी करतो. नऊ तास लागतात, १,३५० अधिक २५०, म्हणजे १,६०० ला पडते आणि आम्ही २,२०० घेतो. जीन्सची पिशवी उसवण्यासकट पावणेदोन तास. अस्तर, झिप धरून ३२० पर्यंत पडते, ३५० ला जाते. पूर्ण हाताचं दुपटं पाच तास खातं आणि त्याचे ७५० कोणी देत नाही. जोड मशीनवर आणि कडा हाताने केल्या तर अडीच तासांत होतं, ४३५ ला पडतं, ५०० ला विकतं. संक्रांतीच्या वाणाची छोटी पाकिटं एकदम शंभर कापून घेतली तर तासाला पाच होतात. एकाची मजुरी ३०, सामान सहा, विक्री ४०.

हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, कारण तुमचा जीव हाताच्या टाक्यात असणार. माझाही आहे. माझी आजी वाकळा शिवायची, उन्हाळ्यात सुगी आटोपली की अंगणात जुनी लुगडी एकावर एक अंथरून चार बायका चार कोपऱ्यांत बसायच्या. त्या बाहेरच्या बायकांना मजुरी म्हणून जोंधळे मिळायचे आणि एखादं धडपं. ती कला आहे, हे आम्हाला फार नंतर शहरातल्या लोकांनी येऊन सांगितलं, आणि सांगताना भाव मात्र जोंधळ्यांचाच केला. म्हणून आमचा नियम असा की हाताचा टाका दिसेल तिथेच घालायचा आणि त्याचे पैसे वेगळे सांगायचे. ‘कडा हाताच्या हव्यात? मग ३०० जास्त.’ निम्मी गिऱ्हाइकं हो म्हणतात. पूर्ण हाताची गोधडी आम्ही वर्षाला दोन-तीनच करतो, आधी ठरवून, निम्मे पैसे हातात आल्यावर.

कापड ओळखायला शिकलात तर निवडण्याचे निम्मे तास वाचतील. कापडाच्या कडेचा एक धागा ओढा आणि पेटवा. सुती धागा कागदासारखा भुरकन जळतो, वास कागदाचा, राख बोटाने चुरगळते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं, टोकाला टणक काळा मणी होतो. मिश्र कापडात दोन्ही थोडं थोडं दिसतं. बाळाच्या दुपट्यात तो मणी झालेला धागा चालत नाही, मग साडी कितीही मऊ असो. दुसरी परीक्षा ताकदीची : उजेडाकडे धरा, दोन्ही अंगठ्यांनी ताणा. ‘चर्र’ आवाज आला की ते कापड वर घ्यायचं नाही, फार तर आतल्या थरात. तिसरी रंगाची. पांढरं ओलं फडकं घासून बघा. इरकलीचा लाल रंग बघायलाच हवा. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं सगळ्या सांगतात, पण कच्चा रंग मिठाने पक्का होत नाही. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवत राहायचं, नाहीतर त्या कापडाशेजारी पांढरं लावायचं नाही.

आणि धुणं म्हटलं की पाणी आलं. तुमच्याकडे उन्हाळ्यात पाण्याची काय परिस्थिती असते ते तुम्हाला ठाऊक. जतच्या एका बाईंनी हाच धंदा उत्तम चालवला होता, एप्रिल-मेमध्ये टँकरच्या पाण्यात साड्या धुण्याची वेळ आली आणि तिथेच गणित फसलं. तुम्ही मोठं धुणं मार्चच्या आत उरका. जागेचंही तसंच. निवडलेलं कापड घरात ठेवलं की महिन्याभरात पलंगाखाली, माळ्यावर, मुलांच्या कपाटात चिंध्या शिरतात. कसर लागते, उंदीर येतात. घरातलं माणूस तोंडाने बोलत नाही, पण भांड्यांचा आवाज वाढतो. एक लोखंडी पेटी ठरवा आणि तिच्यात मावेल तेवढंच घ्या.

कापडाखेरीज बाकी वस्तूंचं थोडक्यात. बाटल्यांवरची नक्षी छंद म्हणून चालू द्या. विकायला काढली की फुटतूट, रंगाचा खर्च आणि कुरियरचं पॅकिंग यांतच पैसे जातात. पण एक गोष्ट कळकळीने सांगते. तुमच्याकडे द्राक्षबागा. औषधाचे रिकामे डबे, बाटल्या, पोती बांधावर हवी तेवढी मिळतात, दिसायलाही छान असतात. त्यांना हात लावू नका. कीटकनाशकाचा डबा कितीही धुतला तरी त्याची कुंडी, दिवा, पिशवी काहीही करू नये. सिमेंटची रिकामी पोती चालतात, पण उन्हात राहिली की त्यांचा भुगा पडतो, म्हणून अस्तर लावून सावलीतल्या वापरासाठीच. वर्तमानपत्राच्या पिशव्या औषधाच्या किंवा स्टेशनरीच्या दुकानाला द्या, भजी-वड्याच्या गाड्याला नाही. छपाईची शाई अन्नात उतरते, म्हणून एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेनेही वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका असं बजावलेलं आहे.

विकायचं कुठे? २०१८ ला राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली तेव्हा मला वाटलं, आता कापडी पिशवीचं सोनं होणार. दुकानदार आले, बघून गेले, आणि आम्हाला वीस रुपयांना पडणारी पिशवी पाचला मागायला लागले. स्वस्त पिशवीच्या शर्यतीत आपण कारखान्याला हरवू शकत नाही, तिकडे जाऊच नका. महाबळेश्वर-पाचगणीच्या दुकानांत माल ठेवून बघितला. ‘खपला की पैसे’ या बोलीवर. एका दुकानाने आठ महिन्यांनी पिशव्या परत दिल्या, काचेच्या कपाटात उन्हाने एक बाजू उडालेली. तेव्हापासून रोख घेईल त्यालाच माल, मग कमी भाव का असेना. प्रदर्शनांचं म्हणाल तर स्टॉलचं भाडं, जाणं-येणं, दोघींचा मुक्काम आणि आपले बुडालेले दिवस हे सगळं विक्रीतून वजा करून बघा. एका तीन दिवसांच्या प्रदर्शनात आम्ही ११ हजारांचा माल विकला आणि आनंदाने आइसक्रीम खाल्लं. घरी येऊन वही उघडली तर १,२०० सुटले होते, ते दोघींचे. बचत गटात असाल तर ‘उमेद’ या राज्य सरकारच्या बचत गटांच्या अभियानामार्फत मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनाला जाता येतं, त्याची गोष्ट वेगळी, तिथे गिऱ्हाईक हातच्या कामाचे पैसे देतं. पण तिथे माल भरपूर लागतो. पहिल्या वर्षी तो तुमच्याकडे नसणार.

आमचं पोट भरतं ते पंचांगावर. घटस्थापनेच्या आधी घरोघरी धुणी निघतात, वाकळा-गोधड्या नदीवर नाहीतर गच्चीवर जातात, आणि तेव्हाच कळतं की कुठली विरली, कुठली फाटली. त्या आठ-दहा दिवसांत गोधड्यांच्या जेवढ्या ऑर्डरी येतात तेवढ्या दिवाळीतही येत नाहीत. म्हणून भाद्रपद लागला की आम्ही कॉलनीच्या व्हॉट्सॲप गटांवर फोटो टाकतो. मग डिसेंबरमध्ये वाणाची पाकिटं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालतात, एकेका घरी ५० ते १०० नग लागतात, आणि दरवर्षी बायकांना ‘यंदा प्लास्टिकचे डबे नकोत बाई’ असं वाटत असतं. उन्हाळ्यात लग्नं, तेव्हा कातरण मिळतं आणि पाहुण्यांना द्यायच्या बटव्यांची मागणी असते. जून-जुलै मोकळे. त्या दोन महिन्यांचा खर्च आधीच्या दहांत काढून ठेवावा लागतो, हे मी तीन पावसाळे उसनवारी केल्यावर शिकले. तुमच्या तासगावात बेदाण्याचा एवढा मोठा व्यापार आहे. दिवाळीला व्यापारी पाव-अर्धा किलो बेदाणा भेट देतात, त्यासाठी कातरणाची बटवावजा पिशवी करून चार-पाच पेढ्यांवर दाखवून या. सांगलीत एका हळदीच्या व्यापाऱ्याशी माझं असं जमलेलं आहे.

उधारीचं एक सांगते. ओळखीची संस्था आहे म्हणून एकांना २०० पिशव्या आगाऊ न घेता शिवून दिल्या. ‘साहेब बदलले’ या एका वाक्यावर वर्ष काढलं, निम्मे पैसे मिळाले. तेव्हा निम्मे आगाऊ, मग नातेवाईक असोत की संस्था. नातेवाइकांना फार तर बाळाचं दुपटं भेट द्या. बाकी सगळ्याला तेच दर.

सरकारी योजनांवर धंदा उभा करू नये, पण मिळेल ते सोडूही नये. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, तिच्यातल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण, त्या दिवसांचे रोजचे ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत, आणि पहिल्या टप्प्यात ५ टक्के व्याजाने १ लाखापर्यंत कर्ज. कुटुंबातल्या एकालाच मिळतं आणि घरात सरकारी नोकर असेल तर नाही. जवळच्या सीएससी केंद्रात, म्हणजे सरकारी कामांचे ऑनलाइन अर्ज भरून देतात तिथे, चौकशी करा. त्या पैशातून जाड कापडाचं मशीन घ्या. कर्ज मात्र ऑर्डरी हातात येईपर्यंत घेऊ नका. पतसंस्थेत बसून कर्जाचे हप्ते कसे थकतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल.

आता मूळ गोष्ट, नोकरी. हे तुमच्या घरावर आहे आणि ते मला दिसत नाही. दुसरा पगार येतो का, घराचा हप्ता चालू आहे का, मुलं केवढी, पतसंस्था तुम्हाला फंड भरते का. तुमचे ११ हजार दर महिन्याला ठरल्या तारखेला येतात. माझे १५ हजार एका महिन्यात २६ असतात, दुसऱ्यात चार. तुमच्या जागी मी असते तर भाद्रपद ते रथसप्तमी हा एक हंगाम नोकरी न सोडता काढला असता. संध्याकाळचे दोन तास आणि रविवार. फक्त तीन वस्तू : आठवणीची गोधडी, दुपटं, वाणाचं पाकीट. प्रत्येक नगाला किती मिनिटं लागली, किती खर्च, किती आले, हे वहीत. हंगाम संपल्यावर तासाला १५० पडत असतील आणि पुढच्या दोन महिन्यांच्या ऑर्डरी आगाऊ रकमेसकट हातात असतील, तर राजीनाम्याचा विचार करा. ८०-९० पडत असतील तर हात बसायचा आहे, आणखी एक हंगाम जाऊ द्या. आणि ४० पडत असतील, तर नोकरी ठेवा आणि गोधड्या शिवत राहा. त्यात कमीपणा काही नाही, माझी एक मैत्रीण वीस वर्षं तेच करतेय आणि माझ्यापेक्षा सुखात आहे.

सुया. तुम्ही बहुतेक साडीला वापरता ती १४ नंबरच जीन्सला लावत असणार. जीन्सला १६ लावा, आणि जिथे चार-सहा पदरांचा जाड जोड येतो, म्हणजे कमरपट्टी किंवा पायाची बाजूची शिवण, तिथे १८. त्या जोडावर पायाने मशीन दामटू नका. हाताने चाक फिरवत चार टाके पुढे जा, मग परत पायावर या. त्याआधी तो जोड पाटीवर ठेवून हातोडीने दोन ठोके दिले तर आणखी चांगलं. आमच्या शेडमध्ये त्यासाठी जुना खलबत्त्याचा बत्ता आहे.